मृत्युपत्र करायला मदत केली, तर त्यातला वाटा मिळतो का?

(रेडिओवरील भाषणाचे शब्दांकन)



आज मृत्युपत्राबद्दल बोलायचं आहे. कोणी याला इच्छापत्र म्हणतं, कोणी नुसतं ‘विल’ म्हणतं. घरात हा विषय काढला की लगेच कोणीतरी म्हणतं, "भरल्या घरात कशाला अभद्र बोलता?" त्यामुळे तो निघतो तेव्हा उशीर झालेला असतो. माणूस अंथरुणाला खिळलेलं असतं आणि सगळं घाईत उरकलं जातं. घाईत केलेल्या त्या कागदाचीच पुढे कोर्टात चिरफाड होते.

मृत्युपत्राच्या सगळ्या बाजू आज घेणार नाही. एकच प्रश्न घेते. तो बायकांना फार जवळून लागतो, कारण म्हाताऱ्या माणसाचं करणारी बाईच असते आणि त्याला हाताला धरून कचेरीत नेणारीही पुष्कळदा बाईच असते. प्रश्न असा, की जिने मृत्युपत्र करायला मदत केली, तिलाच त्यातून काही मिळत असेल तर ते चालतं का?

समजा, एक आत्या आहे. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. नवऱ्याच्या मागे त्याची दीड एकर जमीन आणि दोन खोल्या तिच्या नावावर झाल्या. गेली दहा वर्षं तिचं सगळं तिची भाची बघते. दवाखाना, औषधं, रेशन, निराधारचे पैसे काढून आणणं, सगळं तीच करते. दिराचा मुलगा, म्हणजे आत्याचा पुतण्या, शहरात असतो आणि जत्रेला येतो. आत्याच्या मनात आहे की आपल्यामागे जमीन भाचीला जावी.

आता, आत्याने काहीच लिहून ठेवलं नाही तर काय होईल? हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा आहे. त्यात असं आहे की बाईला मूलबाळ नसेल, तर नवऱ्याकडून आलेली मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे जाते. म्हणजे जमीन पुतण्याकडे जाणार. दहा वर्षं कोणी केलं हे वारसा कायदा विचारत नाही. भाचीसाठी एकच रस्ता उरतो, तो मृत्युपत्राचा. सुनांचंही असंच आहे. सासूच्या स्वतःच्या नावावरच्या मिळकतीत मुलगा, मुलगी आणि नवरा हे पहिले वारस. तिचं शी-शू काढणारी सून त्या पहिल्या यादीत नाही. म्हणून ज्या बाईने केलं तिला काही द्यायचं असेल, तर लिहूनच द्यावं लागतं.

आणि नेमकी इथेच गोची होते. आत्याला लिहिता येत नाही. वकील माहीत नाही. तालुक्याला जायचं तर एसटीत चढवायला कोणी पाहिजे. हे सगळं कोण करणार? भाचीच. तीच दस्तलेखकाला फोन करते, सातबारा काढून आणते, रिक्षाचे पैसे देते, साक्षीदार म्हणून ओळखीचे दोघे बोलावते. आत्या अंगठा लावते. कागद भाचीच्या ट्रंकेत जातो. वर्षभराने आत्या जाते, भाची कागद घेऊन तलाठ्याकडे जाते, पुतण्या हरकत घेतो आणि म्हणतो, "हिनेच लिहून घेतलं."

तर कायदा काय म्हणतो?

आधी साधं उत्तर देते. मदत केली म्हणून वाटा बुडतो, असं आपला कायदा म्हणत नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ सालचा आहे. मृत्युपत्राचे नियम त्यात आहेत. ज्याला मिळणार आहे त्याने मजकूर लिहू नये, वकील शोधू नये, सोबत जाऊ नये, अशी बंदी त्यात कुठेही नाही. भाचीने स्वतःच्या हाताने मजकूर लिहिला असला, तरी केवळ तेवढ्यावरून मृत्युपत्र रद्द होत नाही.

पण उत्तर इथे संपत नाही. मदत करणारीलाच मोठा वाटा मिळत असेल, तर कोर्ट त्या कागदाकडे संशयाने बघतं. तो संशय दूर करायची जबाबदारी तिच्यावरच येते. एरवी मृत्युपत्र पुढे करणाऱ्याला सही किंवा अंगठा खरा आहे, करणाऱ्याची बुद्धी शाबूत होती, साक्षीदार रीतसर होते, एवढं दाखवलं की पुष्कळदा काम होतं. इथे तेवढ्याने भागत नाही. ती इच्छा खरोखर आत्याची होती, तिने समजून-उमजून अंगठा लावला, हेही पटवून द्यावं लागतं.

हा विचार जुना आहे. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे १८३८ साली एक खटला निकाली निघाला. एका माणसाने मृत्युपत्रात आपल्या एकुलत्या एका मुलाला वगळलं होतं, आणि ते मृत्युपत्र तयार करणाऱ्या वकिलालाच त्यात मोठा हिस्सा होता. न्यायाधीशांनी सांगितलं की लिहिणाराच घेणारा असेल तर कोर्टाला शंका यायलाच हवी, कोर्टाने डोळ्यांत तेल घालून पुरावा बघावा. आणि गंमत अशी, की तसा पुरावा बघून झाल्यावर त्यांनी ते मृत्युपत्र कायम ठेवलं! शंका येणं वेगळं आणि कागद खोटा ठरणं वेगळं, हे त्या एका खटल्यातच दिसतं.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा या विषयावरचा सगळ्यात गाजलेला निकाल नोव्हेंबर १९५८ चा आहे. तो लिहिला न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी, आपल्या साताऱ्यात जन्मलेल्या. पुढे ते देशाचे सरन्यायाधीश झाले. खटला म्हैसूरकडच्या एका बाईच्या मृत्युपत्राचा होता. न्यायमूर्तींनी एक मुद्दा मांडला, तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. इतर कागदांच्या भांडणात सही करणारा माणूस कोर्टात येऊन सांगू शकतो की ही माझी सही, किंवा ही माझी नाही. मृत्युपत्र उघडलं जातं तेव्हा ते करणारं माणूस जगात उरलेलं नसतं. म्हणून कोर्टाला आपल्या मनाची खात्री करून घ्यावी लागते. शंका कशाकशाने येते तेही त्या निकालात सांगितलं आहे. सही संशयास्पद असणं, करणाऱ्याचं मन दुबळं झालेलं असणं, जवळच्या वारसांना कारण न देता वगळणं, आणि ज्याला मोठा लाभ होतो त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतलेला असणं. त्या खटल्यात कोर्टाची खात्री पटली नाही आणि मृत्युपत्र टिकलं नाही. आजही तालुक्याच्या कोर्टापासून दिल्लीपर्यंत मृत्युपत्राचा वाद निघाला की या निकालाचा आधार घेतला जातो.

त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. पुतण्याने नुसतं म्हटलं की "हिने दमदाटी केली, फसवलं," तर ते त्याला सिद्ध करावं लागतं. पण त्याने तसं काही म्हटलं नाही तरी कागदाभोवती जी शंका आहे ती भाचीलाच फेडावी लागते. समोरचा गप्प बसला म्हणून आपण सुटलो, असं नाही.

पुढाकार म्हणजे नेमकं काय? नुसतं सोबत बसणं, रिक्षात चढवणं, चहा करून देणं याला कोर्ट पुढाकार म्हणत नाही. म्हाताऱ्या माणसाजवळ त्याचं करणारं माणूस असणारच, हे न्यायाधीशांनाही कळतं. बघितलं जातं ते हे की मजकूर कोणी सांगितला आणि खोलीत कारभार कोणाच्या हातात होता. उलटतपासणीत वकील कसे प्रश्न विचारतात, ऐका.

"दस्तलेखकाला फोन कोणाच्या मोबाइलवरून गेला?"

"त्याची फी कोणी दिली?"

"साक्षीदार कोणाच्या ओळखीचे? आत्याबाई त्यांना ओळखत होत्या का?"

"मजकूर वाचून कोणी दाखवला? तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"आत्याबाईंना त्या दिवशी ताप होता का? चष्मा कोणी लावून दिला?"

"आज हा कागद कोणाच्या ट्रंकेतून निघाला?"

प्रत्येक प्रश्नाला "मीच" असं उत्तर आलं, तर बाई कितीही खरी असली तरी तिचं म्हणणं पटायला जड जातं. आणि मला सगळ्यात वाईट याचंच वाटतं. लबाड माणूस या प्रश्नांची तयारी आधीच करून ठेवतो. साधी बाई म्हणते, "मीच केलं सगळं, दुसरं कोण होतं करायला?" तिच्या प्रामाणिक उत्तरानेच तिची केस ढिली होते.

म्हणून काही बायका दुसऱ्या टोकाला जातात आणि सांगतात, "मला काहीच ठाऊक नव्हतं." हे त्याहून घातक आहे. फोनची नोंद निघते, रिक्षावाला साक्षीला येतो, आणि एक खोटं उघडं पडलं की बाकीच्या खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. केलेली मदत लपवू नका. मदत आणि मजकूर यांत अंतर ठेवा.

हे अंतर प्रत्यक्षात कसं ठेवायचं? भाचीने आत्याला वकिलाच्या दारापर्यंत न्यावं. मग म्हणावं, "आत्या, तू आत जा, मी बाहेर बसते." वकिलाशी आत्यानेच बोलावं, तिच्या शब्दांत. वकिलाने मजकूर तयार केला की आत्याला एकटीला वाचून दाखवावा, जमल्यास साक्षीदारांसमोर. वाचून दाखवला आणि तिला समजला, असं खाली लिहावं. हे न लिहिता-वाचता येणाऱ्या बाईच्या बाबतीत फार मोलाचं आहे, कारण तिने समजून अंगठा लावला का, हे कोर्ट नेहमीच काटेकोरपणे बघतं. फी शक्यतो आत्याच्या पैशांतून जाऊ द्या. निराधारच्या पैशांतले शे-दोनशे तिने स्वतः काढून दिले, तर तीही एक खूणच.

आता साक्षीदार. मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात. आत्याने सही केलेली किंवा अंगठा लावलेला त्या दोघांनी पाहिलेला असावा, किंवा "हा माझा अंगठा" असं तिने त्यांना सांगितलेलं असावं. आणि त्यांनी आपली सही आत्याच्या समोर करावी. गावात काय होतं, आत्या घरी अंगठा लावते, मग कागद फिरतो, एक साक्षीदार बाजारात सही करतो, दुसरा शेताच्या बांधावर. असा कागद पडलाच म्हणून समजा. दुसरी चूक म्हणजे लिहिणाऱ्याची सही साक्षीदाराची म्हणून मोजणं. दस्तलेखक ‘लिहिणार’ म्हणून सही करतो. तेवढ्याने तो साक्षीदार होत नाही. दोन साक्षीदार वेगळे हवेत.

मग जिला मिळणार आहे ती स्वतः साक्षीदार झाली तर? इथे धर्माप्रमाणे फरक आहे, आणि गावात याबद्दल बरीच चुकीची माहिती फिरते. १९२५ च्या कायद्याचं कलम ६७ म्हणतं की साक्षीदाराला किंवा साक्षीदाराच्या नवऱ्याला, बायकोला मृत्युपत्राने काही दिलं असेल, तर बाकीचं मृत्युपत्र राहतं पण ते देणं रद्द होतं. हे कलम ख्रिस्ती आणि पारशी लोकांना लागू आहे. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्या मृत्युपत्रांना कोणती कलमं लागू, याची वेगळी यादी त्या कायद्याला जोडलेली आहे. त्या यादीत कलम ६७ नाही. म्हणजे हिंदू किंवा बौद्ध घरातल्या भाचीने साक्षीदार म्हणून सही केली, तर तेवढ्याने तिचा वाटा जात नाही. पण मी सांगेन, तरीही करू नका. संशयाला आयतं खतपाणी कशाला? तिच्या नवऱ्याचीही सही नको.

मुसलमान बहिणींसाठी नियम निराळे आहेत. त्यांच्यात मृत्युपत्र तोंडीही होऊ शकतं. पण वारसांची संमती नसेल तर मिळकतीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही. सुन्नी कायद्यात वारसालाच मृत्युपत्राने द्यायचं असेल, तर बाकीच्या वारसांची संमती लागते. सिंधुदुर्गातल्या ज्या मैत्रिणींची मिळकत गोव्यात आहे, त्यांना तिथला कायदा बघावा लागेल. तिथे साधारण अर्धा हिस्सा जवळच्या वारसांसाठी राखलेला असतो.

साक्षीदार निवडताना वय बघा. आपल्याकडे मान म्हणून गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सही करायला लावतात. मृत्युपत्र सिद्ध करायला किमान एका साक्षीदाराला कोर्टात बोलावावं लागतं, तो हयात असेल आणि सापडत असेल तर. नोंदणी केलेल्या मृत्युपत्रालाही हे चुकत नाही. म्हणून आत्यापेक्षा वयाने बरीच लहान, गावात टिकून राहणारी, आत्याला ओळखणारी आणि या जमिनीशी काही देणंघेणं नसलेली दोन माणसं बघा. शाळेतल्या बाई, गावातले डॉक्टर, शेजारची एखादी शहाणी बाई. हो, बाई साक्षीदार चालते, तिने फक्त अंगठा लावला तरी चालतं.

मृत्युपत्राला स्टँप ड्यूटी लागत नाही. साध्या कोऱ्या कागदावरही ते होतं. शंभराचा बाँड आण, पाचशेचा आण, असं कोणी सांगितलं तर तो खर्च वाया आहे. नोंदणीची सक्ती नाही. तरीही आत्यासारख्या प्रकरणात मी म्हणेन, नोंदणी करा. दुय्यम निबंधकांसमोर ती स्वतः जाते, ओळख पटवली जाते, अंगठा घेतला जातो. मदत करणाऱ्या माणसाच्या पलीकडचा एक सरकारी अधिकारी तिला बघतो. आत्या चालू शकत नसेल तर कारण दाखवून अर्ज केल्यावर अधिकारी घरी येऊ शकतात, तशी सोय नोंदणी कायद्यात आहे. ज्यांना मजकूर कोणालाच कळू द्यायचा नाही, त्या बंद लखोट्यात मृत्युपत्र जिल्हा निबंधकांकडे ठेवू शकतात. ही सोय फारशी कोणी वापरत नाही, पण कागद भाचीच्या ट्रंकेत होता या आक्षेपावर ती चांगला उपाय आहे. मात्र नोंदणी झाली म्हणजे सगळे संशय मिटले, असं समजू नका. नोंदणी झालेली मृत्युपत्रंही कोर्टात पडली आहेत.

आत्याचं वय झालेलं असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरचा दाखला घ्यावा की तिची समज चांगली आहे. कायद्याने तो बंधनकारक नाही, पण उपयोगी पडतो. मोबाइलवर चित्रीकरणही करतात. करायला हरकत नाही, फक्त मोबाइल धरणारी भाची नसावी. मी अशी चित्रीकरणं ऐकली आहेत, त्यात मागून आवाज येतो, "सांग ना आत्या, कोणाला देणार? नाव घे!" असं चित्रीकरण पुतण्याचा वकीलच आनंदाने कोर्टात लावेल.

आणि कारण लिहा. ज्याला वगळलं त्याचं नाव घेऊन कारण लिहा. मृत्युपत्रात बहुतेक वेळा छापील भाषा असते, "माझी सेवा-चाकरी केली म्हणून प्रेमापोटी देत आहे." अशी वाक्यं हजार कागदांत सापडतात आणि त्यांतून आत्या दिसत नाही. त्याऐवजी तिचे शब्द असू द्या. उदाहरणार्थ: "माझ्या दिराचा मुलगा आहे, तो मला ठाऊक आहे, त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या वाट्याची जमीन त्याला त्याच्या वडिलांकडून मिळाली आहे. माझं आजारपण माझ्या भाचीने काढलं. मला इथे भाचीने आणलं, ती बाहेर बसली आहे. जमीन तिला द्यायची हे मी माझ्या मनाने ठरवलं आहे." एवढ्या चार ओळींनी निम्मे प्रश्न निकाली निघतात. पुतण्या विसरला गेला नाही हे दिसतं, भाची सोबत होती हे लपवलेलं नाही, आणि ती खोलीत नव्हती हेही आलं.

आता सेवा आणि दबाव यांतली रेघ कुठे? कायद्यात कलम ६१ आहे. फसवून, जबरदस्ती करून किंवा इतका तगादा लावून की माणसाचं स्वातंत्र्यच उरत नाही, असं करून घेतलेलं मृत्युपत्र रद्द ठरतं. त्या कलमाखाली समजावून सांगायला उदाहरणं दिली आहेत आणि ती आपल्या घरांतलीच वाटतात. एक माणूस इतका आजारी आहे की त्याला विरोध करण्याची ताकद नाही. दुसरा त्याच्या मागे लागतो. आजारी माणूस नुसती कटकट मिटावी म्हणून त्याच्या म्हणण्याप्रमाणे मृत्युपत्र करतो. हे मृत्युपत्र रद्द. दुसऱ्या उदाहरणात माणसाची तब्येत अशी आहे की तो स्वतःचा विचार करू शकतो. कोणीतरी त्याला गळ घालतं, समजावतं, आणि तो विचार करून त्याचं ऐकतो. हे मृत्युपत्र चालतं. आणखी एका उदाहरणात तर एकजण काही मिळावं म्हणूनच दुसऱ्याची पुढे-पुढे करतो, गोड बोलतो, आणि त्यावर खूश होऊन तो त्याला देतो. तेही चालतं! म्हणजे "आत्या, माझं काहीतरी बघ," असं भाचीने म्हटलं, तर तो गुन्हा नाही आणि त्याने कागदही रद्द होत नाही. "अंगठा लाव नाहीतर उद्यापासून भाकरी बंद," असं म्हटलं तर कागदही गेला आणि माणुसकीही.

गावात आपल्यापैकी काहीजणी लिहिण्या-वाचण्याच्या कामात पुढे असतात. बचत गटाची सचिव, सी.आर.पी., आशाताई, अंगणवाडीच्या ताई. कोणाचा अर्ज असला की तुम्हालाच बोलावतात. उद्या एखादी आजी म्हणेल, "माझं मृत्युपत्र तूच लिही, आणि माझ्या पाटल्या तुला घे." तिचं मन मोडायला नको वाटेल. पण पाटल्या घ्यायच्या असतील तर लेखणी दुसऱ्याच्या हातात द्या. भाचीचं निदान रक्ताचं नातं आहे, तिने केलेलं गाव सांगेल. बाहेरच्या बाईला मिळतं आणि तिनेच लिहिलं, हे कोर्टाच्या गळी उतरवणं फार कठीण.

हे सगळं भाचीच्या बाजूने झालं. आत्याच्या बाजूनेही थोडं बोलायला हवं, कारण प्रत्येक मदत करणारा माणूस भाचीसारखा नसतो. कोर्टाला शंका येते ती उगाच नाही. कोणी "निराधारचा फॉर्म आहे" म्हणून अंगठा मागितला, तर कागदाचं नाव आधी विचारा आणि ते तिसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. मृत्युपत्र तुमच्या मृत्यूनंतर लागू होतं. तोपर्यंत जमीन तुमची, ती विकायचीही मोकळीक तुम्हाला. बक्षीसपत्र किंवा हक्कसोडपत्र केलं तर मिळकत आजच हातातून जाते. कुलमुखत्यारपत्र दिलं तर दुसरा तुमच्या नावाने व्यवहार करू शकतो. म्हातारपणी ‘मृत्युपत्रच आहे’ असं सांगून बक्षीसपत्रावर अंगठा घेतला, की बाई स्वतःच्याच घरात पाहुणी होते.

मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं. शेवटचं रीतसर केलेलं ते खरं. म्हणून नावाने लिहून झालं की आत्याकडे बघायचं सोडणाऱ्या भाचीलाही हे माहीत असू द्या.

एक सावधगिरी. आत्याला फक्त तिच्या मालकीचं देता येतं. जमीन वडिलोपार्जित असून वाटप व्हायचं असेल, तर तिला तिच्या हिश्श्यापुरतंच लिहिता येईल. जमीन कुळकायद्याने मिळालेली, वर्ग दोनची किंवा आदिवासी खातेदाराची असेल, किंवा घेणारी शेतकरी नसेल, तर आधी वकिलाचा सल्ला घ्या, मग मजकूर करा. आणि आत्या गेल्यावर तलाठ्याकडे फेरफाराला हरकत आली तर घाबरू नका. सातबाऱ्यावरची नोंद मालकी ठरवत नाही. वाद असेल तर मालकी दिवाणी कोर्टात ठरते.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून दस्तलेखकाच्या छापील मजकुरावर भागवू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे कोणत्याही बाईला सरकारकडून मोफत वकील आणि कायद्याचा सल्ला मिळू शकतो. तिचं उत्पन्न किती, हे बघितलं जात नाही. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येतं. जाताना सातबारा, आठ अ चा उतारा, घराचा उतारा, आधार कार्ड आणि नवऱ्याचा मृत्यूचा दाखला सोबत घ्या. अर्ज आत्याच्या नावाने करा, कारण वकील तिला हवा आहे. आणि तिचं नाव पुकारलं की भाचीने बाकावरच बसून राहावं.